‘हकीकत’ संपल्यावर ट्यूबलाइट लगेच लावू नका

मागच्या अंकात चेतन आनंद यांच्या १९६४ सालच्या ‘हकीकत’वर लिहिलं होतं. १९६२ च्या चीन युद्धात लडाखमध्ये अडकलेली तुकडी, मागे हटण्याचा हुकूम आणि शेवटी बर्फात पडून राहिलेली माणसं, अशी त्याची गोष्ट. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून त्यावर पत्रं आली. चित्रपट चांगला की वाईट यापेक्षा तो पाहिल्यावर घरात काय झालं, याबद्दलच बहुतेकांनी लिहिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

हा चित्रपट मी तरुणपणी जत्रेतल्या तंबूत पाहिला होता, आता नातवाबरोबर मोबाइलवर पाहिला. नव्या युद्धपटांत दहापट स्फोट असतात, पण दुसऱ्या दिवशी त्यातलं काही आठवत नाही. हा मात्र आठवडाभर पाठ सोडत नाही. हे माझ्या वयामुळे की चित्रपटामुळे?
— निवृत्त शिक्षक, देवगड

वयाचा वाटा थोडा, चित्रपटाचा जास्त.

नेहमीच्या युद्धपटात ताण वाढत जातो, लढाई होते, झेंडा लागतो आणि आपण सुटकेचा श्वास टाकून उठतो. ‘हकीकत’ ती सुटका देत नाही. सुरुवातीला ‘आधी गोळी झाडायची नाही’ असा हुकूम आहे, म्हणून जवान नुसते बघत बसतात. मग मागे हटायचं आणि हटताना वाटेत एकेक माणूस गळायचा. पुन्हा पाहाल तेव्हा घड्याळ लावून बघा. गोळीबारापेक्षा वाट पाहण्यात जास्त वेळ गेलेला दिसेल. कुणी हुकुमाची वाट पाहतो, कुणी कुमकेची, कुणी पत्राची. लढाईला शेवट असतो, ती संपली की मनातूनही उतरते. वाट पाहणं तसं उतरत नाही.

गाण्यांतही हेच केलेलं आहे. ‘होके मजबूर मुझे’ हे गाणं मोहम्मद रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि भूपिंदर अशा चार आवाजांत आहे. एकाच बर्फात बसलेले जवान आपापल्या घरचं माणूस आठवताहेत. गाणं एक असलं तरी प्रत्येक जण त्यात एकटा आहे. ‘मैं ये सोचकर’ची रचना तर मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. एरवी गाणं अंतऱ्यावरून धृपदाकडे परत येतं आणि ऐकणाऱ्यालाही घरी आल्यासारखं वाटतं. गीतकार कैफी आझमींच्या या रचनेत धृपद परत येतच नाही. दारातून निघालेला माणूस मागून हाक येईल या आशेवर पुढे चालत राहतो, हाक येत नाही, आणि गाणं संपतं तेव्हा तो फार लांब गेलेला असतो. रफींच्या आवाजाभोवती फिरणारं व्हायोलिन वाजवलं आहे प्यारेलाल यांनी, पुढे लक्ष्मीकांत–प्यारेलाल या जोडीतले तेच. संगीतकार मदनमोहन यांनी त्या व्हायोलिनला इतकी मोकळी जागा दिली आहे की काही ओळींनंतर शब्द आपण विसरतो आणि तेवढा सूर लक्षात राहतो.

आता आपल्या बाजूचं. कोकणातलं घर पिढ्यान्‌पिढ्या मनीऑर्डरीवर चाललं. कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत, बोटीवर नाहीतर पलटणीत. महाड तालुक्यातल्या आंबवड्याला तर लोक ‘फौजी आंबवडे’ म्हणूनच ओळखतात. बाई मागे शेत, गुरं आणि सासू सांभाळत पोस्टमनची वाट बघायची. ‘ज़रा सी आहट होती है’ हे लताबाईंचं गाणं म्हणजे जराशी चाहूल लागली की दचकून दाराकडे बघणारी बाई. ती लडाखची असो की लांज्याची, आपल्याकडे तिची ओळख करून द्यावी लागत नाही. म्हणूनच तुमच्या घरात तो आठवडाभर राहिला असावा.

आणि एक. मोबाइलच्या स्पीकरवर यातला वारा ऐकूच येत नाही, आणि वारा हे या चित्रपटातलं महत्त्वाचं पात्र आहे. नातवाला निदान हेडफोन द्या.

हे सगळं खरंच घडलं होतं का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, अलिबाग

युद्ध खरं, माणसं रचलेली. २० ऑक्टोबर १९६२ ला सुरू झालेलं हे युद्ध २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केल्यावर थांबलं. चित्रपटाचं नातं बहुतेक वेळा लडाखमधल्या रेझांग ला खिंडीतल्या लढाईशी जोडलं जातं. चुशूलच्या रक्षणासाठी १३ कुमाऊं या पलटणीची चार्ली कंपनी तिथे १८ नोव्हेंबरला जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. मेजर शैतानसिंग यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. पण ‘हकीकत’ म्हणजे त्या लढाईची नोंद नव्हे. बलराज साहनींचा मेजर रणजितसिंग, धर्मेंद्रचा कॅप्टन बहादूरसिंग, प्रिया राजवंशची लडाखी मुलगी अंगमो ही सगळी काल्पनिक पात्रं आहेत. रेझांग लाचे जवान मागे हटले नाहीत, आणि चित्रपटाचा तर कणाच माघार आहे, एवढा एक फरक लक्षात ठेवलात तरी दोन्हींची गल्लत होणार नाही. चित्रीकरण मात्र लडाखमध्ये झालं आणि तेही युद्धानंतर लवकरच, जखम ओली असताना. पराभवावर इतक्या लवकर बोलणारा चित्रपट आपल्याकडे क्वचितच झाला. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो दुसऱ्या क्रमांकाचा चित्रपट ठरला.

आमच्या वाचनालयातर्फे २६ जानेवारीला देवळासमोरच्या पटांगणात ‘हकीकत’ दाखवायचा आहे. गावात बारा-पंधरा माजी सैनिक आहेत, त्यांचा सत्कारही त्याच वेळी करू. प्रोजेक्टर, पडदा आणि परवानगी यांचं मार्गदर्शन करावं.
— ग्रंथपाल, दापोली तालुका

आधी पटांगणाचा विचार सोडा. कारण साध्या हिशेबाचं आहे. पूर्ण प्रत १८४ मिनिटांची. २६ जानेवारीला तुमच्याकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो आणि पडद्यावर चित्र नीट उठण्याइतका काळोख व्हायला सात वाजतात. मध्यंतर न घेताही दहा वाजून चार मिनिटं होतील, आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. शेवटची काही मिनिटं आवाज बंद करून दाखवण्यापेक्षा न दाखवलेला बरा. दोन रात्री अर्धा-अर्धा दाखवण्याचा मोहही टाळा. माघारीचा थकवा बघणाऱ्याच्या अंगात उतरावा लागतो, दुसऱ्या दिवशी जेवूनखाऊन ताजेतवाने होऊन आलेल्या माणसाला तो लागत नाही.

शाळेचं सभागृह घ्या आणि साडेपाचला सुरू करा. पंधरा मिनिटांचं मध्यंतर धरून नऊच्या आत संपेल. वस्तीची एसटी कधी येते तेवढं बघून घ्या. खिडक्या झाकायला कृषी सेवा केंद्रात मिळणारा मल्चिंग पेपर उत्तम, काळी बाजू आत. दार एकच उघडं ठेवा आणि त्यावर दुहेरी पडदा लावा, नाहीतर उशिरा येणारा प्रत्येक जण लडाखमध्ये ऊन पाडेल.

पडदा दहा फूट रुंद पुरे. प्रोजेक्टरचं ‘थ्रो रेशो’, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या किती पट अंतर लागतं ते प्रमाण, १.५ असेल तर तो पडद्यापासून पंधरा फुटांवर बसेल. अंधाऱ्या सभागृहात ३००० ल्युमेन चालतात, दिवा जुना असला तरी. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट वर हवी. लोक सतरंजीवर बसतात, पुढच्याचं डोकं मध्ये येतं. कापड चकचकीत फ्लेक्सचं नको, मागची मॅट बाजू वापरा. पडद्याला दर फुटावर रबरी दोरी बांधून ताणा. आपल्याकडे संध्याकाळी वारा फिरला की सैल पडद्याचं शीड होतं, अगदी बंद सभागृहातसुद्धा.

चित्राच्या दोन चुका हमखास होतात. पहिली, जुन्या चित्रपटाची चौकोनी चौकट प्रोजेक्टर ताणून १६:९ करतो आणि बलराज साहनी सुजल्यासारखे दिसतात. ‘आस्पेक्ट’ ४:३ किंवा ‘ओरिजिनल’वर ठेवा, बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या. दुसरी, कृष्णधवल चित्र ‘काळपट’ वाटतं म्हणून ऑपरेटर ब्राइटनेस वाढवतो. मग बर्फ आणि चेहरे एकाच पांढऱ्या रंगात विरतात. ‘व्हिव्हिड’ काढून ‘सिनेमा’ मोड लावा, शार्पनेस कमी करा. बर्फात पावलांच्या खुणा दिसल्या म्हणजे जमलं.

आवाज याहून महत्त्वाचा. पडद्याच्या दोन बाजूंना दोनच स्पीकर लावा, मागे एकही नको. मांडववाल्याच्या मिक्सरवर ‘इको’ची कळ असते आणि ती बहुधा लग्नापासून चालूच राहिलेली असते. ती शून्यावर आणा. स्लॅबच्या सभागृहात आवाज घुमतो, म्हणून भिंतींवर सतरंज्या किंवा जाड चादरी टांगा आणि मिक्सरवर खालचे सूर थोडे उतरवा. आवाजाची पातळी गोळीबारावर नव्हे, हळू बोललेल्या संवादावर ठरवा. मधल्या रांगेत बसून दोन जवानांचं कुजबुजणं समजलं की कळ तिथेच ठेवा. पुढे तोफा सुरू झाल्या तरी हात लावायचा नाही.

वीज जाणार असं धरूनच चाला. प्रोजेक्टर आणि लॅपटॉपसाठी १ केव्हीएचा यूपीएस मध्ये टाका, म्हणजे जनरेटर सुरू होईपर्यंत चित्र तुटत नाही आणि दिवा तापलेला असताना पंखा बंद पडत नाही. जनरेटर २ ते ३ केव्हीएचा, शंभर फूट लांब आणि मध्ये भिंत असेल असा ठेवा. दाराशी धडधडणारा जनरेटर या चित्रपटातल्या सगळ्या शांत जागा खाऊन टाकतो.

प्रत आधी पूर्ण बघा. इंटरनेटवरच्या काही प्रतींत गाणी कापलेली असतात. लांबी तीन तासांच्या आसपास नसेल तर ती प्रत सोडा. पेनड्राइव्ह थेट प्रोजेक्टरला लावण्याऐवजी लॅपटॉपवरून चालवा, लॅपटॉपचं इंटरनेट बंद करून.

परवानगीचं असं. चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं असतो. त्या नियमाने १९६४ च्या चित्रपटाची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. पण गीत आणि संगीत यांचे हक्क वेगळे असतात, ते रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. मदनमोहन १९७५ मध्ये गेले, कैफी आझमी २००२ मध्ये. शिवाय नव्याने रंगवलेल्या प्रतीवर वेगळा हक्क सांगितला जाऊ शकतो. तेव्हा प्रत ज्यांच्याकडून घ्याल त्यांच्याकडून दाखवण्याची लेखी संमती घेऊन फाइलला लावा. तिकीट नाही म्हणजे परवानगी नको, हा समज चुकीचा आहे. लाउडस्पीकरसाठी पोलीस ठाण्याला अर्ज द्यायचाच, सभागृह असलं तरी.

शेवटचा मुद्दा, आणि याच्यासाठी हवं तर वरचं सगळं विसरा. सत्कार, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक आणि विशेषतः आभारप्रदर्शन चित्रपटाच्या आधी उरका. ‘कर चले हम फ़िदा’ संपलं की पडदा काळा होऊ द्या आणि तीन मिनिटं ट्यूबलाइट लावू नका. लोकांना रस्ता दिसावा म्हणून दाराशी एक मंद दिवा पुरे. माइक बंद. हार-नारळ घेऊन कुणी पुढे धावायचं नाही. चहा बाहेर, ज्याला हवा तो घेईल. ज्यांना बोलायचं ते चहाच्या टेबलाशी आपणहून थांबतात, आणि सभागृहात मागितलेल्या मनोगतापेक्षा ते बोलणं खरं असतं.

माजी सैनिकांना आमंत्रण देतानाच सांगा की यात बराच गोळीबार आहे आणि शेवट दुःखाचा आहे. त्यांना पहिल्या रांगेत मधोमध कोंडू नका. कडेची, दाराजवळची खुर्ची द्या. उठून जाणाऱ्याच्या मागे ‘काय झालं काका?’ करत कुणी जाऊ नये. सोबत जायचंच असेल तर दुसऱ्या माजी सैनिकाने जावं.

बाबा (वय ७७) १९७१ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीत होते. टीव्हीवर ‘हकीकत’ लागला, आम्हीच आग्रहाने बसवलं. अर्ध्यावर ते आईला म्हणाले, ‘पुरे, बंद कर तां.’ तेव्हापासून पाच दिवस फार बोलत नाहीत, रात्री पडवीत बसून असतात. आमचं चुकलं का?
— मुलगी, वेंगुर्ले

आग्रह केलात एवढं चुकलं. बाकी जे चाललं आहे तो लगेच आजार समजू नका.

लढाई पाहिलेल्या माणसाच्या आठवणी बऱ्याचदा दृश्यापेक्षा आवाजाला, वासाला आणि थंडीला चिकटून राहतात. वायरलेसची खरखर, दुरून येणारा तोफगोळा, अंधारात कुणीतरी नाव घेऊन मारलेली हाक. नोकरी, मुलांची शिक्षणं, घराचं बांधकाम यांत चाळीस वर्षं या गोष्टी तळाशी बसतात. हात रिकामे झाले आणि बरोबरीचे एकेक जाऊ लागले की त्या वर येतात. चित्रपट फक्त निमित्त होतो. त्यात हा चित्रपट जिंकण्याचा नाही, मागे राहिलेल्या माणसांचा आहे. १९७१ जिंकलेल्या सैनिकालाही मागे राहिलेला कुणीतरी असतोच.

आत्ता काय करायचं ते सांगतो. पडवीत बसू द्या. शेजारी बसायचं तर काहीतरी हातात घेऊन बसा, फणसाची आठळी सोला, जाळं विणा, काहीही. समोरासमोर बसून ‘मन मोकळं करा’ म्हटलं की दार बंद होतं. प्रश्न विचारायचाच तर खाण्यापासून सुरू करा: तिकडे चहा कसा करायचे, बूट ओले झाले की काय करायचे. माणसं मारण्याबद्दल कधीच विचारू नका, नातवंडांनाही तशी ताकीद द्या. चित्रपट ‘पूर्ण करूया’ असं म्हणू नका.

रात्री दचकून उठले तर मागून हात लावू नका. समोर, पण दोन हात अंतरावर उभं राहून नाव घ्या आणि कुठे आहोत ते सांगा: ‘बाबा, मी. आपण वेंगुर्ल्यात आहोत, घरात.’ दिवा लावा, पाय जमिनीवर टेकवायला सांगा, पाण्याचा तांब्या हातात द्या. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावायला सांगा. पाच-दहा मिनिटांत बहुधा सावरतात.

झोप येत नाही म्हणून कॅन्टीनची रम वाढते आहे का, तेवढं बघा. दारूने डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटते आणि वाईट स्वप्नं वाढतात. शेजारी माकडं किंवा डुक्कर हाकलायला सुतळी बॉम्ब लावत असतील तर ‘लावण्याआधी हाक मारा’ म्हणून सांगून ठेवा. अचानक आलेला आवाज त्रास देतो, सांगून आलेला तेवढा नाही.

डॉक्टर कधी? वाईट स्वप्नं, दचकणं, माणसं टाळणं हे महिनाभर टिकलं, जेवण तुटलं, किंवा ‘आता कशाला जगायचं’ अशी भाषा आली तर थांबू नका. शेवटचं लक्षण दिसलं तर महिना मोजायचा नाही, त्याच दिवशी हालचाल करा. निवृत्तिवेतनधारकांना ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवता येतं. कार्ड नसेल किंवा कागद अडले असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. सरकारची ‘टेलि-मानस’ ही फोनसेवा १४४१६ वर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. आणि घरात शेतीसंरक्षणाची बंदूक असेल तर अशा काळात ती घरात नको. पाहुण्याकडे ठेवू नका, ते बेकायदा आहे. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करा. बाबांना विश्वासात घेऊनच, चोरून नाही.

तारखाही सांभाळा. ३ ते १६ डिसेंबर हे १९७१ च्या युद्धाचे दिवस. या दोन आठवड्यांत घर गप्प होत असेल तर आश्चर्य नाही. नौदलात माणूस असलेल्या घरांत ९ डिसेंबर जड जातो. त्या रात्री ‘खुकरी’ ही युद्धनौका दीवजवळ बुडाली आणि तिच्याबरोबर कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. नेमक्या याच दिवसांत वाहिन्या युद्धपट लावतात. रिमोट बाबांच्या हातात असू द्या.

मुलगा नऊ वर्षांचा आहे. दाखवू का?
— आई, चिपळूण

एकट्याला नाही, तुमच्या शेजारी बसवून चालेल, आणि एका बैठकीत तीन तास नको. मोठ्यांना दोन भागांत दाखवू नका म्हटलं, मुलाच्या बाबतीत उलट. मध्यंतरापर्यंत बघा, पुढचा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी, झोपण्याआधी कधीच नाही. शेवट आधी सांगून टाका. मोठ्यांचा रस जातो, मुलांची भीती जाते. पात्रं मरणार हे माहीत असलं की मूल त्यांच्याकडे नीट बघतं.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्या. पाहून झाल्यावर मुलं ‘चिनी’ शोधायला लागतात, आणि आपल्याकडे त्यांना सापडतो तो आंब्याच्या बागेत राखणीला असलेला नेपाळी किंवा हॉटेलात काम करणारा ईशान्येकडचा मुलगा. त्यांना हाका मारणं, चिडवणं सुरू होतं. चित्रपटातली अंगमो लडाखी आहे, म्हणजे ‘तशाच’ चेहऱ्याच्या लोकांतली, आणि ती बहादूरसिंगच्या शेजारी राहून लढत मरते. मुलाशी बोलायला हेच उदाहरण घ्या, उपदेश वेगळा करावा लागणार नाही.

चित्रपट पाहिल्यावर आजीने माळ्यावरची ट्रंक उघडायला लावली. आजोबांची १९६२ ते ६६ ची पत्रं निघाली. काही चिकटली आहेत, काहींवर बुरशी आहे. लॅमिनेट करावीत का?
— नातू, राजापूर

लॅमिनेशन अजिबात नको. उष्णतेने शाई पसरते आणि आत अडकलेली ओल कागद आतून खाते. सेलोटेपही नको, काही वर्षांत तो पिवळा पडून कागदासकट सुटतो.

पावसाळा चालू असेल तर ट्रंक बंद करून ठेवा. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीतलं, दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यानचं. बुरशीची पत्रं वेगळी करा. तोंडाला एन-९५ मास्क लावून सावलीत, घराबाहेर, एक इंची मऊ ब्रशने बुरशी एकाच दिशेने झटका. थेट उन्हात ठेवू नका, शाई उडते. चिकटलेली पानं ओढू नका आणि पाण्याची वाफ तर नकोच, फाउंटन पेनची शाई पाण्याने जाते. सुटत नसतील तर तशीच ठेवून कागद-संवर्धकाला दाखवा. टाचण्या खाऱ्या हवेने गंजलेल्या असतील तर टाचणी आणि कागद यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून मग काढा.

पाकिटं टाकू नका. ‘५६ एपीओ’ या लष्करी टपाल कार्यालयाचा शिक्का, नंबर, हुद्दा आणि पलटण बहुधा पाकिटावरच असते. आतल्या पत्रात फक्त ‘मी खुशाल आहे’ असतं.

आधी फोटो काढा: उत्तरेच्या खिडकीशी, फ्लॅश बंद, कागद सपाट, दोन्ही बाजू. मग घड्या उलगडून, मध्ये आम्लरहित कोरा कागद घालून, धुतलेल्या बिनखळीच्या मांजरपाटात बांधा. पोथ्या बांधायची आपली पद्धत बरोबरच होती. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, तळाशी केशरी सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. केशरी रंग हिरवट झाला की जेल पुड्यांतून काढून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास सुकवा आणि पुन्हा वापरा. निळं जेल घेऊ नका, त्यातला कोबाल्ट विषारी असतो. डांबराच्या गोळ्या फोटोंना लागू देऊ नका. डबा माळ्यावर किंवा चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, माजघरातल्या कपाटात ठेवा.

आजीला प्रत्येक पत्र मोठ्याने वाचून दाखवू नका. एक दिलं की थांबा. पुढचं हवं असेल तर ती मागेल.

शाळेत २६ जानेवारीला ‘कर चले हम फ़िदा’ बसवत आहोत. मुलांनी संचलन करत, टाळ्यांच्या ठेक्यावर गावं अशी काही शिक्षकांची इच्छा आहे. योग्य वाटतं का?
— संगीत शिक्षिका, गुहागर

नाही. हे निघून गेलेल्यांचं गाणं आहे. गाणारे मेलेले आहेत आणि मागे राहिलेल्यांशी बोलताहेत. चित्रपटात ते मृतदेहांवर येतं. त्याला संचलनाचा ठेका दिला की शब्द एक सांगतात आणि पाय दुसरंच.

लय मूळची ठेवा. सुरुवात एका आवाजात, बाकीच्यांनी फक्त धृपदाला यावं. मुलांचा दम पुरत नसेल तर दोनच कडवी घ्या, पण लय वाढवून चारही कोंबू नका. साथीला पेटी आणि एक व्हायोलिन किंवा बासरी पुरे, ढोल-ताशा पुढच्या कार्यक्रमाला ठेवा. माइकचा इको बंद. मुलं स्थिर उभी असावीत, शेवटच्या ओळीनंतर मनात दहापर्यंत मोजून मग हलावीत. निवेदकाला हे आधी सांगा, नाहीतर तो तिसऱ्या आकड्यालाच ‘जोरदार टाळ्या’ म्हणतो. आणि यानंतर लगेच कोळीनृत्य ठेवू नका. मध्ये बक्षीस वितरण घाला.